माहेरचं मीठ

कामरगावच्या जीपमध्ये मी पेरूच्या फोडी खात होतो. शेजारच्या अनोळखी म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि न विचारताच माझ्या फोडींवर करड्या मिठाची चिमूट टाकली.

"दुकानातलं नाही हे. माह्या माहेरचं हाय."

माहेर पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. तिथली जुनी मिठाची विहीर तिनं दोन्ही हातांनी हवेतच बांधून दाखवली: घडीव दगडांचा गोल, आत उतरणाऱ्या पायऱ्या, काठावर खारं पाणी वाळवायचे चुन्याचे वाफे. लोकांनी सरकारी मीठच घ्यावं म्हणून इंग्रजांनी ती बुजवली होती.

"मंग हे कुठून आलं, माय?"

"बाजूच्या झिऱ्याचं पानी परातीत वाळवतो मी. विहीर बुजवली त्याईनं. खालचं पानी कोन बुजवते?"

मीठ जरा कडवट होतं. मी दुसरी फोड पुढे केली.