साहेबाचं 'प्रेगो'

बदरुद्दीन मूळ दाभोळचा. १९६७ साली तो दुबईत कार्लेत्ती नावाच्या इटालियन इंजिनियरकडे खानसामा म्हणून लागला. दोघांचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक वाक्य पुरं होत नसे. बाकीचं काम साहेबाचा एक शब्द भागवायचा : 'प्रेगो'.

दारात बाजूला होऊन साहेब 'प्रेगो' म्हणे, म्हणजे आधी तू जा. खुर्चीकडे बोट दाखवून 'प्रेगो', म्हणजे बस. बदरुद्दीननं शुक्रिया म्हटलं, तरी 'प्रेगो'च. यावरून त्यानं अर्थ ठरवून टाकला : खुशाल कर.

मे महिन्यात त्याचा मेहुणा यूनुस गावाहून शारजाला आला. बदरुद्दीनला तीन दिवस सुट्टी हवी होती. साहेब दाढी करत होता आणि खिडकीबाहेर पाण्याचा पंप धडधडत होता. बदरुद्दीननं दारातूनच अदबीनं विचारलं. साहेबानं कानामागे हात धरला नि म्हणाला, "प्रेगो?"

बदरुद्दीननं सलाम केला, पिशवी उचलली आणि तो शारजाला गेला. तिथं त्यानं बायकोनं, मैमुनाबीनं, पाठवलेले सुके बोंबील खाल्ले आणि आपला साहेब किती दिलदार आहे, हे यूनुसला तीनही दिवस ऐकवलं.

तो परतला तेव्हा साहेब उभ्याउभ्या डब्यातली मासळी खात होता. स्टोव्ह पेटवताना त्याची अर्धी मिशी जळाली होती. त्यानं लगेच स्टोअरकीपर वलीला बोलावलं. वली गुहागरचा; इटालियन बोटीवर राहून ती भाषा शिकलेला.

"सुट्टी कुणी दिली तुला?" वलीनं विचारलं.

"साबनीच. प्रेगो म्हणाले."

वलीनं समजावलं, की सवालासारखं म्हटलं तर त्याचा अर्थ 'काय म्हणालास, ऐकू आलं नाही' असा होतो. बदरुद्दीननं बोटांवर अर्थ मोजले.

"आधी तू, बस, खुशाल कर आणि ऐकू आलं नाही, सगळं एकाच शब्दात? यांच्या मुलखात शब्दांची टंचाई आहे काय?"

वलीनं तेही इटालियनमध्ये सांगितलं. साहेब उरलेली मिशी धरून हसत सुटला. नोकरी वाचली.

मात्र त्याच दिवशी साहेबानं वलीकडून 'काय?' हा शब्द शिकून घेतला. पुढच्या महिन्यात बदरुद्दीननं पंप चालू असतानाच पुन्हा सुट्टी मागितली. साहेबानं स्वच्छ मराठीत "काय?" म्हटलं, सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

बदरुद्दीननं मैमुनाबीला पत्र धाडलं : साहेब मराठी शिकतोय, लक्षण काही बरं दिसत नाही.