असोसिएशनची चिठ्ठ्यांची बरणी

दिल्लीत रिपोर्टिंग करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठतात. एक, परिषदांमध्ये फुकट मिळालेल्या कापडी पिशव्या. दुसरे, बातमीत न बसलेले किस्से. पिशव्या भाजीला उपयोगी पडतात. किश्श्यांचं मात्र काही करता येत नाही. मी ते मित्रमंडळींत सांगते, लोक हसतात आणि वर विचारतात, "हे छापत का नाहीस?" घ्या, छापते.

असोसिएशन म्हणजे देशातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. सरकारदरबारी जायचं, सवलती मागायच्या, धोरणांवर मत द्यायचं, हे तिचं काम. अध्यक्षपद आळीपाळीने एकेका कंपनीच्या प्रमुखाकडे जातं. माझ्या किश्श्यांत अध्यक्ष आहेत भसीन साहेब. गुडगावात त्यांची स्वतःची मोठी कंपनी आहे. हे लक्षात ठेवा.

*

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "कौनसा पेपर?"

मी म्हटलं, "मराठी."

"अच्छा! मराठी में आयटी की खबर पढ़ता कौन है?"

"आपके यहाँ जो बच्चे कोड लिखते हैं, उनके माँ-बाप."

ते हसले. पुढच्या वेळी पुन्हा, "कौनसा पेपर?" मी पुन्हा तेच उत्तर दिलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "हाँ हाँ, माँ-बाप वाला पेपर."

पदवी म्हणून मी ती स्वीकारली. अजून वापरते.

*

एका बजेटच्या दिवशी असोसिएशनचा ईमेल आला, "दूरदृष्टीच्या या अर्थसंकल्पाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो." मी टीव्हीकडे पाहिलं. अर्थमंत्री अजून सभागृहात यायच्या होत्या.

असोसिएशनच्या माध्यम विभागात रितिका नावाची मुलगी आहे. हुशार आहे, आणि एकटी असली की खरं बोलते. तिला फोन लावला. "रितिका, अजून भाषण सुरू व्हायचंय."

"मॅडम, टीका करायची असती तर ऐकावं लागलं असतं," ती म्हणाली. "स्वागताला काय लागतं?"

*

आता सुमय्या. सुमय्या शेख, उदगीरची. करोल बागेत यूपीएससी करणाऱ्या मुलींच्या पीजीत राहते, पण यूपीएससी करत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. कॉलेजात असतानाच भसीन साहेबांच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. जॉइनिंगची तारीख काही येत नाही. दर महिन्याला एक ईमेल येतो, "तुम्ही आमच्या परिवारात येणार म्हणून आम्ही उत्सुक आहोत."

रूममेटने माझी एक बातमी दाखवली म्हणून ती मला भेटायला आली.

"दुसरी नोकरी का नाही बघत?" मी विचारलं.

"लेटरमध्ये लिहिलंय ताई, दुसरीकडे लागलात तर हे रद्द. आणि मोठा भाऊ म्हणतो, ईदपर्यंत कामावर रुजू झालीस तर ठीक. नाहीतर घरी यायचं, परत दिल्लीचं नाव काढायचं नाही. त्याला माझं इंजिनिअरिंगच नको होतं. रोज फोन करून विचारतो, आली का तारीख? ती येऊ नये म्हणून त्याच्याइतकी वाट कोणी बघत नसेल."

*

सुमय्याचा प्रश्न घेऊन मी भसीन साहेबांना गाठलं. असोसिएशनचा कार्यक्रम होता, कोटावर असोसिएशनचा निळा बिल्ला होता. म्हणाले, "जाधव जी, अभी मैं असोसिएशन की तरफ से हूँ. ये कंपनी का मामला है. कंपनी में पूछिए."

आठवड्याने मी त्यांच्या कंपनीच्या कार्यक्रमाला गुडगावला गेले. आता कोटावर कंपनीचा लाल बिल्ला. म्हणाले, "अभी मैं कंपनी की तरफ से हूँ. जॉइनिंग में देरी तो सारी इंडस्ट्री में है. असोसिएशन में पूछिए."

तिसऱ्यांदा मी त्यांना पार्किंगमध्ये अडवलं. कोट हातावर, बिल्ला कुठलाच नाही.

"सर, आज तो कोई बिल्ला नहीं है."

"जाधव जी," ते गाडीत बसता बसता म्हणाले, "आज मैं छुट्टी पर हूँ."

हा किस्सा सांगितल्यावर सुमय्या पोट धरून हसली. मग फोन काढून पुन्हा ईमेल तपासला.

*

कुणी म्हणेल, असोसिएशन तरी काय करणार, प्रत्येक कंपनी स्वतंत्र. मीही हे ऐकून घेतलं असतं. पण नोटीस पीरियड न भरता पोरं नोकरी सोडू लागली, तेव्हा याच असोसिएशनने एका बैठकीत ठरवून टाकलं, की जुन्या कंपनीचा सुटकेचा कागद नसेल तर कोणत्याही सभासदाने अशा पोराला घ्यायचं नाही. एका बैठकीत! म्हणजे पोरगा निघून गेला तर तो सगळ्या इंडस्ट्रीचा गुन्हेगार. पोरीला दारातच उभं ठेवलं तर तो एका कंपनीचा खाजगी मामला.

मी हे भसीन साहेबांना तोंडावर विचारलं. म्हणाले, "आपका टोन ठीक नहीं है."

टोन ठीक करायला मी गायिका नाही.

*

मग असोसिएशनचा चकचकीत वार्षिक अहवाल आला. आपल्या उद्योगाने किती तरुणांना रोजगार दिला, याचं पानभर चित्र होतं. मी रितिकाला विचारलं, "यात जॉइनिंगची वाट बघणारे कुठे धरलेत?"

ती म्हणाली, "मॅडम, ऑफर लेटर दिलं की रोजगार दिला, असंच मोजतात. माझं नाव घेऊ नका."

(नाव बदललं आहे.)

संध्याकाळी सुमय्याला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे असोसिएशनच्या कागदावर मी कामाला जाते? मग ताई, तेवढं ऑफिस कुठंय ते विचारा ना. मी उद्यापासून जाते."

*

आता बरणी. असोसिएशनच्या पत्रकार परिषदेत हात वर करून प्रश्न विचारायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकायची. अध्यक्ष एकेक चिठ्ठी काढतात. पद्धत अगदी निःपक्षपाती. फक्त भसीन साहेब चिठ्ठी आधी मनात वाचतात. आवडली तर मोठ्याने वाचून उत्तर देतात. नाही आवडली तर म्हणतात, "ये तो रिपीट है," आणि कोटाच्या खिशात घालतात. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या त्या खिशात गेल्या आहेत. बाकीच्यांच्याही एक-दोन गेल्याच होत्या.

शेवटच्या परिषदेच्या दिवशी ईद नऊ दिवसांवर होती. आमच्या ऑफिसला फोटोग्राफर नाही, पण फोटोग्राफरचा पास येतो. त्या पासवर मी सुमय्याला आत नेलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं. चहाच्या वेळी हिंदी पेपरच्या तिवारीजींना सगळं सांगितलं. कानपूरचा माणूस, रिटायर व्हायला आलेला. त्यांनी समोसा खाली ठेवला. "लिखावट सबकी अलग, सवाल एक," म्हणाले, आणि टेबलाटेबलावर जाऊन सगळ्यांना प्रश्न सांगून आले: ऑफर लेटरवर जॉइनिंगची तारीख बंधनकारक करण्याचा नियम असोसिएशन कधी करणार?

भसीन साहेबांनी पहिली चिठ्ठी काढली, मनात वाचली. "ये रिपीट है." खिशात.

दुसरी. "ये भी रिपीट है." खिशात.

तिसरी, चौथी, पाचवी. खिसा फुगला. सहावीला तिवारीजी उभे राहिले. "सर, एक बार पढ़ तो दीजिए. फिर शौक़ से रिपीट कहिएगा."

सगळं सभागृह हसलं. भसीन साहेबही हसले आणि घाईघाईने बरणीच्या तळाशी हात घातला. एक जरा मोठी, वेगळ्या कागदाची चिठ्ठी हाताला लागली. ही तरी वेगळी असणार, अशा खात्रीने त्यांनी ती मनात न वाचता सरळ माईकवर वाचली.

"मेरी जॉइनिंग की तारीख क्या है?"



"ये किस अखबार से है?" त्यांनी विचारलं.

शेवटच्या रांगेत सुमय्या उभी राहिली. "अखबार से नहीं, सर. पीछे देखिए."

त्यांनी कागद उलटा केला. मागे त्यांच्या कंपनीच्या ऑफर लेटरची झेरॉक्स होती. खाली त्यांची स्वतःची सही.

भसीन साहेबांचा हात कोटावरच्या निळ्या बिल्ल्याकडे गेला.

"बिल्ला जो चाहे लगा लीजिए, सर," सुमय्या म्हणाली. "मैं तारीख सुनकर ही बैठूँगी."