कुलपाचा आणि बिनकुलपाचा पत्ता

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी नोकरी त्यांनी पेठ तालुक्यातल्या शाळांत काढली. तिथल्या म्हाताऱ्या बायकांची लग्नातली, भातलावणीची गाणी त्यांनी रेकॉर्ड केली आणि निवृत्तीनंतर साधीशी वेबसाइट करून तिच्यावर चढवली. माझं कामच वेबसाइटचं, म्हणून एका सकाळी ते लॅपटॉप घेऊन खाली आले.

"हे बघ, माझ्या साइटवर 'सुरक्षित नाही' असं येतंय. लोक उघडायला घाबरतात. अरे, म्हाताऱ्यांची गाणी आहेत ती, त्यात घाबरायचं काय?"

मी साइट सुरक्षित असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र बसवून दिलं. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसायला लागलं. जुन्या, बिनकुलपाच्या पत्त्यावर कुणी गेलं तरी आपोआप कुलपाच्या पत्त्यावर पोचेल अशी सोय केली. सर खूश झाले.

थोड्याच दिवसांत पेठकडच्या एका पाड्यावरून त्यांना फोन आला. ज्या म्हातारीची सगळ्यात जास्त गाणी साइटवर होती, तिची सून बोलत होती. सर तसाच चालू फोन घेऊन माझ्याकडे आले.

"सर, गाणी लागत नाय. इंग्रजीत कायतरी येतं न् बंद होतं. आई रोज इचारते, माझा आवाज कुठं गेला?"

त्यांचा मोबाइल फार जुना होता. नवं प्रमाणपत्र तो ओळखतच नव्हता.

"मग काढून टाक ते कुलूप," सर म्हणाले.

"नको. दोन्ही पत्ते चालू ठेवू. शहरातले कुलपाच्या पत्त्याने येतील, पाड्यावरचे बिनकुलपाच्या."

आपोआप वळवणं मी बंद केलं. संध्याकाळी सुनेचा फोन आला तेव्हा मागे गाणं चालू होतं आणि म्हातारी स्वतःच्याच आवाजाबरोबर गात होती. सरांनी फोन स्पीकरवर टाकून मला ऐकवलं.

पुढच्या हिवाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. परदेशातला मुलगा येऊन महिनाभर राहिला आणि त्याने सगळं स्वतःच्या हातात घेतलं. साइट दुसऱ्या कंपनीकडे हलवली. मी दोन पत्त्यांचं कारण सांगायला वर गेलो.

"बाबांच्या नावावर अनसिक्युअर काही नको. उद्या कुणी हॅक केलं म्हणजे?" तो म्हणाला. बिनकुलपाचा पत्ता बंद झाला.

पण हलवताना फक्त पानं आली होती, गाणी आलीच नाहीत. हे कळेपर्यंत जुन्या कंपनीकडचं खातं बंद झालं होतं आणि सरांचा लॅपटॉप भंगारात गेला होता. माझ्याकडे पानांचीच प्रत. गाणी सर स्वतः चढवायचे. मी सरांच्या पलंगाशी बसून, आणखी कुठे ठेवलीत का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी डावा हात उचलला, हवेत काहीतरी दाखवलं. मला समजलं नाही. त्यांना रडू आलं, तसा मी थांबलो.

म्हातारी उन्हाळ्यात गेली. सुनेने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. दहाव्याला तिचा आवाज लावायचा होता. गाणी राहिली नाहीत, हे मी सांगितलं.

"दादा, तुम्हाला येतं का एखादं त्यातलं?"

मला येत नव्हतं. मग तिनेच एक म्हणायला घेतलं, आणि दोन ओळींनंतर पुढचे शब्द न आठवून ती अडली.