राणीखालची आठ अंडी

आमच्या घरात सगळ्यात नियमित काम करणारी म्हणजे राणी नावाची कोंबडी, आणि गेल्या हिवाळ्यात तिनं काम बंद केलं.

बाकीच्या तिघी दिवाळीनंतरच थांबल्या होत्या. "थंडीत दिवस लहान होतो, उजेड कमी पडतो, म्हणून अंडी कमी," असं मी बायकोला, म्हणजे शालनला, नीट समजावून सांगितलं. (मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालोय. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो.)

"मग कोंबड्यांस्नी बल्ब लावा की! मला कशाला शिकवताय?" शालन म्हणाली.

राणीचं मात्र वेगळंच होतं. एके सकाळी ती अंडी घालायच्या बुट्टीत बसली ती उठेचना. अंडं एकसुद्धा नाही, पण पिसं फुगवलेली, डोळे वटारलेले आणि जवळ गेलं की खुडूक, खुडूक! कोंबडी अशी खुडूक झाली की तिला गार पाण्यात बुडवतात, म्हणजे अंगातली ऊब उतरते आणि ती परत अंडी घालायला लागते. मी भल्या सकाळी बादली भरली आणि तिला पोटापर्यंत बुडवलं. तिनं एकदाच अंग झाडलं, बादलीतलं निम्मं पाणी माझ्यावर आलं, आणि ती परत बुट्टीत जाऊन बसली. मी चार दिवस शिंकत होतो.

"खाती पसाभर, आणि अंड्याच्या नावानं बोंब!" शालननं निकाल दिला. "रविवारी बाळू येतोय. हिचाच रस्सा करू."

बाळू म्हणजे माझा मेव्हणा, वारणानगरचा. पांढरा रस्सा वाटीनं न पिता पातेल्यानं पिणारा माणूस! खरं सांगतो, त्या कोंबडीवर माझा फार जीव होता. रिटायर झाल्यापासून माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी घरात ती एकटीच होती.

तेव्हा मला सासूबाईंचा नेम आठवला. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला सुरी लावायची नाही! आईचा शब्द शालन मोडणार नाही, याची मला खात्री होती. म्हणजे राणीखाली फक्त अंडी हवी होती. शनिवारी शालन मंडईला गेल्याबरोबर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ अंडी आणली. ती पोल्ट्रीची, पांढरीशुभ्र, आणि आमच्या कोंबड्यांची बदामी. मग मी पातेलंभर कडक चहा उकळला, गार केला आणि अंडी त्यात बुडवून ठेवली. (विज्ञान!) सहा बरी रंगली. एक काळं पडलं आणि एकावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. तशीच आठही मी राणीखाली सरकवली.

"ही कुठं घावली वो?" शालननं डोळे बारीक केले.

"झावळ्यांच्या ढिगाखाली. चोरून घालत हुती, लबाड!"

"आठ? एका जागी? आणि डब्यातली चहापत्ती कुठं गेली?"

"पावणं आलतं."

"कोण पावणं?"

"गेलं."

रविवारी बाळूला मटणावर भागवावं लागलं. राणी वाचली आणि मी मनातल्या मनात फेटा बांधून घेतला. पण शालननं कॅलेंडरवर पिल्लं निघायचा एकविसावा दिवस शोधून त्याला गोल केला आणि गल्लीत पिल्लं आधीच वाटून टाकली. 'सरांनी स्वतः कोंबडी बसवलीया' म्हटल्यावर मागणी वाढली. आणि मी काय केलं? मी खोक्याला भोकं पाडली, पिल्लांना ऊब हवी म्हणून त्यात बल्ब लावला आणि रोज राणीशेजारी स्टूल टाकून वाट बघत बसायला लागलो!

अठराव्या दिवशी पलीकडच्या शमीमभाभी आल्या. (रोज सकाळी भिंत ओलांडून आमच्या कोंबड्यांची विचारपूस करायला येणारा कोंबडा त्यांचाच.) शालन आत होती. भाभींनी एक अंडं उचलून मोबाईलच्या टॉर्चवर धरलं.

"सर, आत कायच न्हाई वो. आणि ही बोटं कुणाची उमटल्यात?"

मी माझी बोटं पाठीमागं लपवली.

"दुकानातली?"

मी मान डोलावली.

"तिथं कोंबडा असतोय व्हय, सर?"

कोंबड्याशिवायचं अंडं कितीही उबवलं तरी त्यातून पिल्लू येत नाही, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो, तेही आकृतीसकट! ज्यांना उत्तर आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं होतं!

"भाभी, तुमची आठ अंडी द्या की."

"थंडीत माझ्या बी बंद हायत की, सर," म्हणत त्या तोंडाला पदर लावून गेल्या.

एकविसावा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि बाळू परत हजर. त्याच्या चपला काढून होतात न होतात तोच बुट्टीत फाटकन एक अंडं फुटलं. त्या वासानं शेजारचं मांजरसुद्धा भिंतीवरून उतरून गेलं.

"सगळी अंडी नासवली हिनं!" शालन नाक धरून म्हणाली. "आता कसला नेम आणि कसलं काय! बाळू, धर रं तिला."

बाळूनं बाह्या सारल्या. राणी बावीस दिवस जेमतेम दाणा टिपायला उठली होती, वाळून निम्मी झाली होती. तरी उरलेल्या सात अंड्यांवर पंख पसरून बसली होती. चूक माझी आणि सुरी तिला!

"थांब!" मी ओरडलो. "तिची काय चूक न्हाई! अंडी दुकानातली हायत. मीच चहात रंगवली!"

मग भिंतीपलीकडून शमीमभाभींचं हसू फुटलं. बाळू माझ्याकडं बघतच राहिला.

"दाजी, तुमी सायन्सचंच मास्तर न्हवं?"

"व्हय."

"आमच्या शाळंत न्हवता ते बरं झालं."

शालन हसली नाही. तिनं आधी बुट्टीतल्या राणीकडं बघितलं, मग स्टुलावरच्या माझ्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे तिला, बाळू," ती म्हणाली. "अंडं न घालता नुसतं बसून खाणारं ह्या घरात आणि एक हाय. त्याला कुठं कापलंय आपण?"

सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण माझं ताट अजून वाढायचं होतं.