देश गप राहिला, दादासो घरी आला

दसऱ्याला सोनं वाटलं म्हणून तुरुंगात गेलेला माणूस कुणी बघितलाय का? आमच्या घरात हाय. माझा धाकटा दीर, दादासो.

विट्याच्या अंगाला आमचं गाव. इकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनारांचं जुनं दागिनं वितळवायचं, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, आन् त्यासाठी मुलूख सोडून कुठंकुठं जायचं. दादासो तर पार समुद्रापल्याड गेला. देशाचं नाव मी घेत न्हाई, त्यानंच शपथ घातलीया. लय गरीब स्वभावाचा माणूस. दिवसभर भट्टीपुढं. पेपर न्हाई, बातम्या न्हाई. मी चिडवायची, "भावजी, शेजारी आग लागली तर तुमाला तीबी भट्टीचीच वाटंल!"

झालंबी तसंच. तिथं लष्करानं राज्य हातात घेतलं, माणसं उचलायला सुरुवात केली. तोंड उघडायची सोय उरली न्हाई, तवा लोक निषेध म्हणून छातीला हिरवं पान लावायला लागली. मग पानावरबी बंदी आली. आमच्या शहाण्याला यातलं काय म्हणून ठाऊक न्हाई. दसरा आला. दुकानामागं आपट्यासारखं एक झाड हुतं. ह्यानं वंजळभर पानं तोडली आन् गल्लीत दारोदार वाटत सुटला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडत. घेणाऱ्यांच्या डोळ्याला पाणी. हा मनात म्हणतोय, बघा, परक्या मुलखात आपल्या सणाची किती किंमत हाय! संध्याकाळी लष्कराची गाडी आली आन् त्याला घेऊन गेली.

इकडं संयोगितानं, त्याच्या बायकोनं, अन्नपाणी सोडलं. जिता हाय का न्हाई तेबी कळंना. दूतावासातला एक साहेब तेवढा फोन उचलायचा, नागपूरकडचा. मी त्याच्यावर काय कमी तोंड सोडलं? शिव्या तेवढ्या द्यायच्या राहिल्या. पर एकदाबी चिडला न्हाई बिचारा. "वहिनी, प्रयत्न सुरू आहेत. धीर धरा," एवढंच.

त्याच सुमारास जगातल्या देशांची सभा भरली. त्या राजवटीनं लोकांवर जुलूम केला, त्याचा निषेध करायचा ठराव. माझा ल्योक ऋषिराज सांगलीला वकिली शिकतो, त्यानं मोबाईलवर बातमी दाखवली. आपला देश तटस्थ राहिला हुता. बाजूनं न्हाई, विरोधात न्हाई.

"आई, लाज वाटती बघ," पोरगं तापलं. "माणसं मारत्यात तिथं, आन् आपण गप!"

"मुडद्या, तुजा चुलता आत हाय!" मी हातातलं ताट आपटलं. "देश बोलला असता तर त्याला जिता सोडला असता व्हय रं?"

पोरगं उठून बाहेर गेलं.

थोड्याच दिवसांत साहेबाला तुरुंगात जायची परवानगी मिळाली. तिथं ठाण मांडून बसला, कागद पुरं करून घेतलं आन् दादासोला स्वतः विमानात बसवून दिला. देश गप राहिला म्हणून दार उघडलं, असं कुणी सांगितलं न्हाई. पर मला कळत न्हाई व्हय? मी साऱ्या आळीत पेढं वाटलं. त्या साहेबाचं आन् माझ्या देशाचं नाव घेतलं की आजबी माझं हात जुळत्यात.

दादासो आला तो अंगात दुसऱ्याचा सदरा घालून. ढगळा, पर धुतलेला. जेवता जेवता सांगायला लागला. कोठडीत एक म्हातारं गुरुजी हुतं, तिथल्याच शाळेतलं, पानापायीच धरलेलं. दादासोला ताप भरला तवा त्यांनी आपलं पांघरूण ह्याच्या अंगावर घातलं, घास भरवला. एक दिवस पहारेकरी हसत आलं. म्हणालं, भारतबी आमच्याविरुद्ध काय बोलला न्हाई. दादासोनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता गुरुजी आपलं तोंड बघायचं न्हाईत. तर त्यांनीच उठून त्याला मिठी मारली. "बरं झालं पोरा, आता तू घरी जाशील." आन् सुटायच्या दिवशी अंगावरचा चांगला सदरा काढून दिला. फाटक्यात बघून बायकापोरं भितील म्हणं.

आगं बया! माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. आपल्या गप बसण्यानं ज्याचा घात झाला, त्यानंच आपल्या माणसाला सदरा घालून धाडला. मला भडभडून आलं. ऋषिराज चुलत्याजवळ सरकून बसला.

आठवड्यानं साहेबाचा फोन आला, दादासोची तब्येत विचारायला.

"साहेब, तुमचं उपकार ह्या जल्मी फिटायचं न्हाईत," मी म्हणले. "पर आता आमचा माणूस घरी आला. आता त्या गुरुजींसाठी बोला की एकदा! आता काय अडलंय?"

साहेब हळूच म्हणाला, "वहिनी, अजून आपली बरीच माणसं आहेत तिथं. त्यांच्या घरूनही मला रोज फोन येतात."

त्या घरांत माझ्यासारखीच कुणीतरी फोन धरून बसली असंल. मी गुमान फोन दादासोच्या हातात दिला.

त्यानं साहेबाचं आभार मानलं. मग गुरुजींचं पुरं नाव सांगितलं, गावासकट, सावकाश, दोनदा.

"ध्यानात ठेवा साहेब," दादासो म्हणाला. "आपलं शेवटचं माणूस घरी पोचलं, की ह्यांच्यासाठी बोला."