आखाजीची वीस बिलं

आमच्या सावद्याच्या क्रीडा मंडळाचे सचिव योगेंद्रनाना भारंबे पंचांग पाहिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. चाळीस वर्षं एका केळी व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. शेतावरचा सालदार अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, वर्षभरासाठी ठरतो, तर वर्षाचा व्यवहारही आखाजीलाच ठरावा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मैदानाभोवतीच्या वीस जाहिरात फलकांची वर्षभराची बिलं ते आखाजीच्या सकाळी एका बैठकीत फाडतात. आधी बिलबुकाला हळदकुंकू, मग बिलं, मग सांजोऱ्या. पैसे व्यापारी सवडीनं देतात; कुणी पोळ्याला, कुणी दिवाळीला.

इतकी वर्षं हे खपलं. मग हॉलच्या भाड्यासकट मंडळाची उलाढाल वीस लाखांवर गेली आणि जीएसटी लागू झाला. आमची कर सल्लागार स्नेहल तायडे हिनं आखाजीआधीच बजावलं, "नाना, बिल फाडलं की कर लागला. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा. पैसे हातात आले का, हे सरकार विचारत नाही. तीन-तीन महिन्यांची बिलं करा."

नाना हसले. "मले शिकवू नको, बाई. आखाजीले फाडलेलं बिल बुडत नाही."

वीस बिलं, दहा लाख रुपये. त्यावर कर एक लाख ऐंशी हजार. मुदतीपर्यंत आलेले पैसे, शून्य. मंडळाच्या खात्यात एकच मोठी रक्कम होती, मुलींच्या कबड्डीच्या मॅटची. ती गेली. मी कामिनी, त्या मुलींची प्रशिक्षक. ती रक्कम मी दोन वर्षं दारोदार फिरून जमवली होती, तेव्हा नानांबद्दल माझ्याकडून गोड ऐकायला मिळणार नाही.

जूनमध्ये केळीचे भाव पडले आणि आठ व्यापाऱ्यांनी फलक लावायच्या आधीच हात वर केले. स्नेहल म्हणाली, "हरकत नाही. आठ जणांना क्रेडिट नोट द्या, म्हणजे बिल रद्द केल्याचा कागद. त्यांच्या बिलांवर भरलेले बहात्तर हजार हॉलच्या पुढच्या करातून वळते होतील." तेवढ्यात मॅटची निम्मी नाही तरी तिसऱ्या हिश्श्याची सोय झाली असती.

नानांनी कानांना हात लावले. "आखाजीचं बिल फिरवायचं? वर्षाची बरकत जाते!"

समितीनं माना डोलावल्या. समिती म्हणजे नानांचा साडू, व्याही आणि ताश खेळणारे दोन मित्र. आठ व्यापारी पळाले, खातं रिकामं झालं, तरी यांची बरकत जायची राहिलीच होती. मला इतका संताप आला की सभेतला चहासुद्धा मी तसाच टाकून उठले.

सप्टेंबरात धुळ्याला विभागीय सामने होते. नाना दिशाशूल, म्हणजे त्या दिशेच्या प्रवासाचा अशुभ वार, टाळून आदल्याच दिवशी मुक्कामाला पोचले, कारण त्यांची नात दिपमाला आमची पहिली चढाईपटू. मुली मातीत वाढलेल्या. मॅटवर पाय कसा अडकतो हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं. दिपमालाचा दुसऱ्याच चढाईत गुडघा फिरला. मग सामनाही गेला.

परतीच्या गाडीत ती पट्टी बांधलेला पाय सीटवर लांब करून बसली होती. नाना म्हणाले, "नशीब, बेटा. दुसरं काय!"

"नशीब नाही, नाना," ती म्हणाली. "आमची मॅट तुम्ही बिलात घातली. आणि जेवढे पैसे परत आणता येत होते, तेही आणले नाहीत."

गाडी पारोळ्याला आली. मग नानांनी स्नेहलला फोन लावला. "बाई, ते आठ कागद उद्या सकाळी करून टाक."

माझा राग अजून उतरला नव्हता. मी मुद्दाम म्हटलं, "नाना, उद्या सर्वपित्री अमावास्या आहे."

"मले माहीत आहे," नाना म्हणाले, आणि फोनवर पहिल्या व्यापाऱ्याचं नाव सांगायला लागले.