माझ्या तोंडचं पानी

"पानी नाही गं. पाणी म्हण, मग देते."

नाशकात, गंगापूर रोडच्या एका बंगल्यात, पायरीवर उभं करून बाईसाहेब मला असं बोलल्या. नव्वद सालानंतरची गोष्ट. त्यांच्याच अंगनात गनपतीचा कार्यक्रम केला व्हता. पायात घुंगरांचे चाळ तसेच, घशाला कोरड.

"पानी," मी म्हनलं.

"अंहं. ण. जीभ वर लाव."

"पानी."

आतल्या सोफ्यावरून हशा उठला. ग्लास त्यांच्या हातात, माझा जीव ग्लासात. आन् गंमत बघा, ह्याच जिभेनं लावनी गायली तवा टाळ्या वाजवत व्हते! तवा कोनाला न आन् ण दिसला नाय. शेवटी निघाला एकदाचा तो ण तोंडातनं. पानी मिळालं. गटागटा प्याले. वर "थँक्यू बाईसाहेब" म्हनलं.

तवाच माझ्या तोंडचं पानी पळालं. पुढं चारचौघांत पानी मागायची चोरी झाली. "प्यायला द्या जरा," असं म्हनायचे. गाताना वाघीन, बोलताना मुकी. लोकांना वाटायचं बाईला गर्व लय.

वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले. दोन हजार सालानंतर नाशकातल्याच एका नाटकवाल्या साहेबांनी डोकं लढवलं. माझ्या जिंदगीवर कार्यक्रम, मी एकटीनं करायचा. गानी माझी, नाच माझा, गोष्टबी माझी. लय हरखले मी. त्यांना बंगल्याची गोष्ट सांगितली तर त्यांचे डोळे भरले.

तालमीत तोच प्रसंग आला. मी म्हनलं, "बाईसाहेब, पानी द्या."

साहेबांनी ढोलकी थांबवली. "ताई, पाणी. पाणी म्हणा हो. पब्लिक हसेल."

अरे देवा! साहेबा, डोळे भरले व्हते ना तुझे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्ध बोलनारी एक पोरगी आनली. तिला विंगेत माईक दिला. मला म्हनाले, "तुम्ही गा, नाचा. बोलायचं ही बोलेल." नाव एकटीचं आन् जिभा दोन. गप बसायची सवयच झाली व्हती.

पहिला प्रयोग लागला. हॉल भरलेला. मी पायरीवर उभी राहिले, पोरगी विंगेतनं गोड आवाजात बोलली, "बाईसाहेब, पाणी द्या."

माझं टाळकंच फिरलं. हात वर केला, ढोलकी थांबली. "थांब बाय," मी म्हनलं. "मला असं बोलता आलं असतं, तर त्यांनी ग्लास अडवला कशाला असता?"

मग पब्लिककडं तोंड केलं.

"पानी."

मागं कोनीतरी फिसकन हसलं. विंगेतनं साहेब हातवारे करत व्हते, गानं घ्या, गानं घ्या. नाय घेतलं.

"पानी. पानी द्या."

हसनारे गप होईस्तोवर म्हनत राहिले.

साहेबांनी कार्यक्रम बंद केला. "माझी इज्जत घालवलीत तुम्ही," म्हनाले.

"तुमची?" मी इचारलं.

आता माझा मी करते. ढोलकीवाला आन् मी. देवळाचा ओटा, शाळेचं पटांगन, मिळल ती जागा. पहिला शब्द तोच असतो. ज्याला ण पाहिजे त्यानं आपल्या घरी जाऊन म्हनावा. मी मरताना घोट मागितला तरी पानीच म्हननार. आन् त्यासाठी कोनी ग्लास अडवला, तर तहानलेली मरन, पन ण काढनार नाय.